कामगारांच्या नागरिकत्वासाठी मालकाने काय करावे आणि कुठे थांबावे

तुमचा प्रश्न मला असा समजला. न्यू जर्सीत तुमचा मसाले आणि तयार खाद्यपदार्थ भरण्याचा कारखाना आहे. साठेक माणसे कामाला आहेत, त्यांत डोमिनिकन रिपब्लिक, इक्वेडोर, हैती आणि गुजरातकडची मंडळी जास्त. बऱ्याच जणांकडे दहा-पंधरा वर्षांपासून ग्रीन कार्ड आहे, पण नागरिकत्वाचा अर्ज कोणी करत नाही. त्यांना नागरिक होऊन मत देता यावे म्हणून कंपनीने फी भरावी, एचआरने फॉर्म भरून द्यावेत आणि मतदार नोंदणीही कारखान्यातच उरकावी, असा तुमचा विचार आहे. भागीदाराचे म्हणणे, यात कायद्याची लफडी आहेत आणि नागरिक झाली की माणसे सोडून जातील.

मी वकील नाही. न्यू जर्सीतल्या एका ना-नफा संस्थेत मी अमेरिकी न्याय खात्याची मान्यता असलेली प्रतिनिधी आहे, म्हणजे इमिग्रेशनच्या अर्जांबाबत सल्ला देण्याची मला कायदेशीर परवानगी आहे. हॉटेले, नर्सिंग होम, गोदामे आणि तुमच्यासारखे कारखाने अशा ठिकाणी जाऊन आम्ही बरीच वर्षे नागरिकत्वाची शिबिरे घेत आलो आहोत. खाली लिहिते आहे ते त्या कामातून. तुमच्या राज्याचे नियम, कारखान्यात युनियन आहे की नाही आणि मुख्य म्हणजे एकेका माणसाचा इतिहास यांवर बरेच अवलंबून असते. ते जिथे जिथे येईल तिथे सांगेन.

पहिली गोष्ट. फी आणि फॉर्म हीच अडचण आहे असे तुम्ही धरले आहे. माझ्या अनुभवात या दोन्ही गोष्टी नंतर येतात. माणूस वर्षानुवर्षे थांबतो, कारण त्याला कामाच्या दिवशी कुठे जाता येत नाही, इंग्रजीची भीती वाटते आणि जुनी एखादी गोष्ट उकरली जाईल अशी धास्ती असते. कोणाला ती धास्ती विनाकारण असते, कोणाला अगदी योग्य कारणाने. मालक म्हणून तुम्ही वेळ, जागा आणि पैसा देऊ शकता, आणि या तिन्हींनी खूप फरक पडतो. पण अर्जात काय लिहायचे आणि मत कोणाला द्यायचे, या दोन ठिकाणी तुमचा हात पोचताच कामा नये. माझे सगळे उत्तर या एका रेषेभोवती आहे.

एचआरने फॉर्म भरून देण्याची कल्पना सोडून द्या. नागरिकत्वाचा अर्ज, म्हणजे एन-४००, वरवर साधा दिसतो. नाव, पत्ता, पाच वर्षांच्या नोकऱ्या, परदेश प्रवास. पण कोणत्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचे, हे सांगणे कायद्याच्या दृष्टीने सल्ला देणे ठरते, आणि तो फक्त वकिलाने किंवा मान्यताप्राप्त प्रतिनिधीने द्यायचा असतो. तुमची एचआरमधली मुलगी कितीही हुशार असली तरी तिला तो अधिकार नाही.

त्याहून मोठे कारण असे की कामगाराने जे सांगायला हवे ते तो एचआरसमोर सांगणार नाही, आणि त्याने सांगूही नये. एखाद्याने पूर्वी दुसऱ्या नोकरीत आय-९ फॉर्मवर, म्हणजे कामाची परवानगी आहे हे दाखवायला नोकरीवर लागताना भरायच्या फॉर्मवर, ‘मी अमेरिकी नागरिक आहे’ या चौकोनात खूण केलेली असते, कधी न वाचता, कधी कोणी सांगितले म्हणून. नागरिकत्वाचा खोटा दावा ही इमिग्रेशन कायद्यातली सर्वांत कठोर गोष्टींपैकी एक आहे. त्यावरून ग्रीन कार्ड जाऊ शकते आणि माणूस देशाबाहेर काढला जाऊ शकतो. ही गोष्ट त्याने बंद दाराआड जाणकाराला सांगायला हवी. आणि कोणी आपल्याकडे कामाची परवानगीच नाही असे तुमच्या एचआरला सांगितले तर तुम्हीही अडचणीत येता, कारण हे कळल्यावर त्याला कामावर ठेवणे मालकासाठी बेकायदा असते. म्हणून आमची अट असते की शिबिराच्या खोलीत कंपनीचा कोणीही माणूस नसेल आणि कोण कशासाठी आले हे कंपनीला कळवले जाणार नाही. तुम्हाला आकडा हवा असेल तर ‘इतके जण आले’ एवढेच सांगू.

इथे बहुतेक मालक चांगल्या हेतूने एक गोष्ट करतात, ती करू नका. ग्रीन कार्डवाले कोण हे पाहायला आय-९ च्या फायली उघडतात आणि त्यांनाच बोलावतात. आय-९ मधली माहिती त्या कायद्याच्या अंमलबजावणीपलीकडे वापरायला मनाई आहे. शिवाय नागरिकत्वाच्या स्थितीवरून किंवा मूळ देशावरून काही जणांनाच वेगळे काढले, तर भेदभावाची तक्रार होऊ शकते. ती पाहायला न्याय खात्यात स्वतंत्र विभाग आहे. उपाय सोपा आहे. सूचना सगळ्यांना द्या, अमेरिकेत जन्मलेल्यांनाही. ‘नागरिकत्व आणि इमिग्रेशनविषयी मोफत माहिती, कुटुंबातल्यांना घेऊन या’ असे स्पॅनिश, हैतियन क्रेओल, गुजराती आणि इंग्रजीत लावा. कोणी भावासाठी येते, कोणी सासूसाठी, त्यामुळे कोणाच्या येण्यावरून त्याची स्थिती उघड होत नाही. तुमच्याकडे एच-१बी या कामाच्या व्हिसावरचा, तात्पुरत्या संरक्षणाच्या दर्जावरचा (टीपीएस) किंवा आश्रयाचा अर्ज प्रलंबित असलेला माणूसही असेल, त्यालाही त्या खोलीत निर्धास्त बसता आले पाहिजे.

याच ओघात आणखी एक. ग्रीन कार्डची मुदत संपली म्हणून नवे कार्ड दाखवायला सांगणारे एचआरवाले मला अनेक ठिकाणी भेटतात. ग्रीन कार्ड एकदा आय-९ साठी दाखवले की मुदत संपल्यावर ते परत तपासायचे नसते. तुमच्याकडे असे होत असेल तर शिबिराआधी थांबवा. कागद मागणाऱ्या कंपनीच्या शिबिराला माणसे येत नाहीत.

आता पात्रतेचे बोलू, कारण ‘दहा वर्षे ग्रीन कार्ड आहे म्हणजे झालेच’ असे नसते. सर्वसाधारण नियम पाच वर्षांचा. नागरिक जोडीदाराशी लग्न होऊन त्याच्यासोबत राहत असेल तर तीन वर्षांचा. मुदत पुरी होण्याच्या ९० दिवस आधी अर्ज करता येतो. त्या पाच वर्षांत निम्मा काळ, म्हणजे ३० महिने, प्रत्यक्ष अमेरिकेत राहिलेले असावे लागते. सलग सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिले तर वास्तव्य खंडित झाले असे गृहीत धरतात आणि ते तसे नाही हे अर्जदाराला सिद्ध करावे लागते. वर्षभर किंवा जास्त राहिले तर ते तुटतेच. आपल्याकडची मंडळी इथे अडकतात. आईच्या आजारपणात गावी गेलेला माणूस सात महिन्यांनी परततो आणि त्याला वाटते, कार्ड तर चालू आहे, मग काय बिघडले. कार्ड चालू असते, पण नागरिकत्वाचे गणित मागे पडलेले असते. बऱ्याचदा उपाय एवढाच की काही काळ थांबून अर्ज करायचा. पण ते कोणीतरी आधी मोजून सांगावे लागते.

बाकी तपासायच्या गोष्टी म्हणजे कर भरले आहेत का, मुलांचा पोटगीखर्च थकला आहे का, पुरुष असेल आणि १८ ते २६ या वयात ग्रीन कार्डवर इथे राहिला असेल तर सिलेक्टिव्ह सर्व्हिसमध्ये, म्हणजे सक्तीच्या सैन्यभरतीसाठीच्या सरकारी यादीत, नाव नोंदवले होते का, आणि कधी अटक झाली होती का. अटकेबाबत फार काळजी घ्या. ‘केस रद्द झाली, म्हणून लिहिले नाही’ हे वाक्य मी पुष्कळदा ऐकले आहे. रद्द झालेली केसही अर्जात लिहावी लागते आणि न्यायालयाचे प्रमाणित कागद जोडावे लागतात. ती लपवल्याने जे नुकसान होते ते मूळ केसने झाले नसते.

पूर्वी आम्ही म्हणायचो की अर्ज नाकारला तर फी जाईल, फार तर परत करू. आता तसे म्हणत नाही. २०२५ पासून छाननी कडक झाली आहे. अर्ज नाकारला गेला आणि माणूस देशाबाहेर काढण्याजोगा ठरला, तर प्रकरण इमिग्रेशन न्यायालयात पाठवण्याचे धोरण त्या वर्षीच्या फेब्रुवारीत आले. चांगल्या वर्तनाचा निकषही अधिकाऱ्यांनी जास्त व्यापकपणे तपासावा असे ऑगस्टमध्ये सांगितले गेले. म्हणून साठ जणांचे साठ अर्ज असे लक्ष्य कधीच ठेवू नका. आधी प्रत्येकाची खासगीत चाचपणी, मग ज्यांचे स्वच्छ आहे त्यांचे अर्ज, ज्यांचे गुंतागुंतीचे आहे त्यांना वकिलाकडे, आणि ज्यांनी अर्ज करू नये त्यांना तसे स्पष्ट सांगणे. एखाद्याला ‘तुम्ही अर्ज करू नका’ असे सांगून घरी पाठवणे हेही शिबिराचे यशच असते. त्याने अर्ज का केला नाही, हे सुपरवायझरने विचारायचे नाही.

पैशाचे गणित बघा. ऑनलाइन अर्जाची फी ७१० डॉलर आहे, कागदी अर्जाची ७६०. एप्रिल २०२४ पासून मात्र एक सवलत बरीच मोठी झाली आहे. घरचे उत्पन्न संघीय दारिद्र्यरेषेच्या ४०० टक्क्यांपर्यंत असेल तर फी ३८० डॉलर. २०२५ च्या आकड्यांप्रमाणे चौघांच्या कुटुंबाला ही मर्यादा वर्षाला १,२८,६०० डॉलर होते. तासावारी पगारावरची तुमची बहुतेक माणसे यात बसतील. उत्पन्न १५० टक्क्यांच्या आत असेल, म्हणजे चौघांत ४८,२२५ डॉलरपर्यंत, तर पूर्ण फी माफीचा अर्ज करता येतो. म्हणून कंपनीने सरसकट ७१० डॉलर भरण्याची घोषणा करण्याआधी कोणाला किती लागणार हे पाहा. त्याच रकमेत जवळजवळ दुप्पट माणसांना मदत होईल. दहा वर्षांनी ग्रीन कार्ड नवे करायलाही ऑनलाइन ४१५ डॉलर लागतात, हे कामगारांना सांगितले की अनेकांचा विचार तिथेच बदलतो. फी बदलत राहते, भरायच्या दिवशी इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर पाहूनच भरा.

कंपनीने भरलेली फी कामगाराचे उत्पन्न धरली जाऊ शकते, ते अकाउंटंटला विचारा. फी उसनी देऊन पगारातून हप्ते कापायचा विचार असेल तर जपून. पगारातून काय कापता येते यावर न्यू जर्सी आणि न्यूयॉर्क दोन्हीकडे कायद्याची मर्यादा आहे. माझे मत विचाराल तर उसने देऊ नका. थोडे द्या, पण दिलेले सोडून द्या. आणि ‘फी भरली, आता दोन वर्षे नोकरी सोडायची नाही’ असा कागद तर अजिबात करून घेऊ नका. नागरिकत्वाच्या बदल्यात माणूस बांधून घेतल्यासारखे ते दिसते, आणि असतेही.

पण पैशापेक्षा मौल्यवान आहे ती पगारी सुट्टी. बोटांचे ठसे, मुलाखत आणि शपथविधी या तारखा सरकार ठरवते आणि पत्राने कळवते. मुलाखतीला न कळवता गैरहजर राहिले तर अर्ज सोडून दिला असे धरून तो बंद होऊ शकतो. सुपरवायझरने त्या दिवशी शिफ्ट बदलून दिली नाही म्हणून मुलाखत चुकवणारी माणसे मी पाहिली आहेत, कारण त्यांना नोकरी जाण्याची भीती जास्त होती. कंपनीने एवढा एक लेखी नियम केला की इमिग्रेशनचे पत्र असेल त्या दिवशी पगारी सुट्टी, कारण विचारायचे नाही, तर मी म्हणेन की निम्मे काम झाले. एचआरने करण्यासारखे आणखी एक काम आहे: जो मागेल त्याला नोकरीच्या तारखा आणि हुद्दा लिहिलेले पत्र व पगाराच्या पावत्या दोन दिवसांत द्यायच्या. अर्जाला आणि फी सवलतीला हे कागद लागतात, आणि कारखान्यांत तेच मिळायला महिने लागतात.

आता इंग्रजी आणि परीक्षा. २० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्यांना नवी नागरिकशास्त्र परीक्षा आहे. १२८ प्रश्नांच्या यादीतून अधिकारी तोंडी २० पर्यंत विचारतो आणि १२ बरोबर यावे लागतात. आधी १०० प्रश्नांतून १० विचारत आणि ६ पुरत. जुनी पुस्तिका कोणाकडून मिळाली असेल तर ती टाकून द्या. शिवाय एक इंग्रजी वाक्य वाचायचे, एक ऐकून लिहायचे, आणि पहिल्या वेळी जे जमले नाही त्याची पुन्हा एक संधी मिळते. वर्गात घोकून प्रश्नोत्तरे पाठ होतात, पण माणसे अडतात दुसरीकडेच. अधिकारी अर्जातलेच प्रश्न इंग्रजीत विचारतो: तुम्ही कधी कोणाचा छळ केला आहे का, कधी एखाद्या गटाचे सदस्य होता का, निष्ठेची शपथ घ्याल का. प्रश्न न कळता ‘हो’ म्हटले की गोंधळ सुरू. म्हणून तुम्ही वर्ग ठेवणार असाल तर शिक्षकाला सांगा की निम्मा वेळ अर्जातल्या प्रश्नांवर द्या. वर्ग शिफ्ट संपल्यावर ठेवू नका, त्या वेळी माणसे थकलेली असतात आणि घरी मुले वाट पाहत असतात. शिफ्टला जोडून, एक तास पगारी आणि एक तास त्यांचा, अशी विभागणी आमच्याकडे चांगली चालली आहे.

सगळ्यांना इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते असेही नाही. वय ५० पूर्ण आणि ग्रीन कार्डवर २० वर्षे, किंवा वय ५५ आणि १५ वर्षे, अशांना इंग्रजीतून सूट आहे. ते दुभाष्यासह स्वतःच्या भाषेत परीक्षा देऊ शकतात. ६५ वर्षांवरील आणि २० वर्षे राहिलेल्यांना तर प्रश्नांची छोटी यादी असते. तुमच्या पॅकिंग लाइनवर बसणाऱ्या गुजराती काकूंना हे कोणीच सांगितलेले नसते. मला इंग्रजी येत नाही म्हणून या जन्मात हे होणार नाही, असे त्या धरून चाललेल्या असतात.

भारतीय कामगारांची आणखी एक वेगळी अडचण आहे, ती इतरांना कळत नाही म्हणून तुम्हाला सांगते. डोमिनिकन आणि इक्वेडोरच्या लोकांना दुहेरी नागरिकत्व ठेवता येते, भारतीयाला येत नाही. अमेरिकेची शपथ घेतली की १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार भारताचे नागरिकत्व संपते, पासपोर्ट परत करावा लागतो, आणि मग ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचे कार्ड, काढता येते. ओसीआयवर भारतात कितीही वेळा जाता येते, राहता येते, पण मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. गावची वडिलोपार्जित जमीन जाईल या भीतीने थांबलेले लोक मराठीतही आहेत आणि गुजरातीतही. नावावर असलेली किंवा वारशाने येणारी जमीन ठेवता येते, नवी खरेदी करता येत नाही. तरीही कोणाला ते नको असेल, तर तो त्याचा निर्णय. मतासाठी म्हणाल तर भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाला भारतात नाव नोंदवता येते, पण मत द्यायला आपल्या मतदान केंद्रावर प्रत्यक्ष हजर राहावे लागते. जर्सीतल्या कारखान्यातून मेहसाण्याला किंवा महाडला मतदानाच्या दिवशी कोण पोचणार? म्हणजे दहा-पंधरा वर्षे ही माणसे इथेही मतदार नाहीत आणि तिथेही नाहीत. हे मला मनापासून अन्यायाचे वाटते, आणि म्हणूनच तुमच्यासारख्या मालकाने प्रश्न विचारला की बरे वाटते.

तुमचा भागीदार म्हणतो, आपल्याला काय पडले आहे. त्याला एवढे सांगा की भारतीयांना अमेरिकेचे नागरिकत्व मागण्याचीच सोय नव्हती असा काळ फार जुना नाही. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड या पंजाबातून आलेल्या शीख माणसाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते नाकारले, त्यानंतर आधी मिळालेल्यांचेही काढून घेतले गेले, आणि १९४६ च्या लूस-सेलर कायद्याने दार उघडले. तुम्ही आणि मी ज्या दारातून आत आलो ते कोणीतरी उघडले होते.

पण मालकाचा उत्साह जबरदस्तीत कसा बदलतो याचाही दाखला याच देशात आहे. १९१४ मध्ये हेन्री फोर्ड यांनी डेट्रॉइटजवळच्या कारखान्यात परदेशी कामगारांसाठी इंग्रजीची शाळा काढली. दिवसाला पाच डॉलरचा पगार तेव्हाच जाहीर झाला होता, आणि तो मिळायला कामगार पात्र आहे का हे पाहायला कंपनीचे तपासनीस घरोघर जात. कसे राहता, काय पिता, पैसे कुठे पाठवता, सगळे विचारत. शाळेच्या समारंभात कामगार आपापल्या देशाच्या पोशाखात एका मोठ्या कढईत उतरत आणि अमेरिकी कपड्यांत बाहेर पडत. शिकायला मिळाले हे खरे, पण पगार मालकाच्या हातात असताना त्या शाळेला ‘नाही’ म्हणणे कोणाला शक्य होते? तुमच्याकडे कोणी शिबिराला आले नाही तर त्याचा बढतीशी, शिफ्टशी, बोनसशी काडीचाही संबंध नसावा, आणि हे तुम्ही स्वतः सगळ्यांसमोर बोलून दाखवा. युनियन असेल तर तिला सुरुवातीपासून सोबत घ्या. युनियन स्थापण्याची निवडणूक चालू असेल तर नवी सवलत जाहीर करण्याआधी कामगार कायद्याच्या वकिलाला विचारा, कारण ते आमिष मानले जाऊ शकते.

मतदानाबाबत आता नीट वाचा, कारण तुमच्या योजनेतला सर्वांत धोक्याचा भाग हा आहे. शपथ घेण्याआधी कोणाचीही मतदार म्हणून नोंदणी होता कामा नये. अर्ज मंजूर झाला, मुलाखत पास झाली, शपथेची तारीख आली, तरीही नाही. शपथ घेतली त्या क्षणी माणूस नागरिक होतो, आधी नाही. ‘तुम्ही अमेरिकेत कधी मतदार म्हणून नोंदणी केली आहे का, मत दिले आहे का’ हा प्रश्न एन-४०० मध्येच आहे. नागरिक नसताना मत देणे गुन्हा आहे आणि त्यावरून देशाबाहेर काढता येते. सुपरमार्केटबाहेर कोणीतरी पुढे केलेल्या फॉर्मवर सही केली, किंवा मोटर व्हेइकलच्या कार्यालयात लायसन्स काढताना नोंदणीच्या प्रश्नाला ‘हो’ म्हटले, अशी माणसे आमच्याकडे येतात तेव्हा त्यांचा चेहरा पाहवत नाही. त्यांनी काही मिळवण्यासाठी ते केलेले नसते. म्हणून नागरिकत्वाचे शिबिर आणि मतदार नोंदणी एकाच दिवशी, एकाच टेबलावर कधीच ठेवू नका. कारखान्यात नोंदणीचे टेबल लावून सगळ्यांना रांगेत उभे करण्याची तुमची कल्पना चांगल्या मनाची आहे, पण त्यात एखाद्याचे आयुष्य उद्ध्वस्त होऊ शकते.

मग काय करायचे? शपथ घेऊन आलेला माणूस स्वतःहून सांगेल तेव्हा त्याला राज्याच्या ऑनलाइन नोंदणीचा पत्ता किंवा कोरा फॉर्म द्या. त्याने तो स्वतः भरावा, स्वतः पाठवावा. भरलेले फॉर्म कंपनीत गोळा करू नका. पूर्वी शपथविधीच्या ठिकाणी स्वयंसेवी संस्था नव्या नागरिकांची नोंदणी करून घ्यायच्या. ऑगस्ट २०२५ पासून इमिग्रेशन खात्याच्या समारंभात ते काम फक्त राज्य आणि स्थानिक निवडणूक अधिकाऱ्यांना करता येते. त्यामुळे नोंदणी न करताच घरी येणारे वाढतील असे मला वाटते, आणि तिथे तुमच्या सूचना फलकावरच्या एका कागदाचा उपयोग होईल. त्यावर ‘फक्त अमेरिकी नागरिकांसाठी’ हे सर्वांत वर, मोठ्या अक्षरांत, सगळ्या भाषांत लिहा. खाली शेवटची तारीख. न्यू जर्सीत ती निवडणुकीच्या २१ दिवस आधी असते, न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्यांसाठी १० दिवस आधी. प्रत्येक राज्याचे वेगळे असते, त्यामुळे पेनसिल्व्हेनियातून ये-जा करणाऱ्यांना तुमच्या राज्याची तारीख चिकटवू नका.

नोंदणीसाठी किंवा मतदानासाठी बोनस, गिफ्ट कार्ड, लॉटरी, काहीही देऊ नका. संघीय निवडणुकीत मत देण्यासाठी किंवा नोंदणी करण्यासाठी पैसे देणे गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि दहा हजार डॉलरपर्यंत दंड. मतदानासाठी पगारी वेळ देणे मात्र चालते. न्यूयॉर्कमध्ये मतदानाच्या वेळेत सलग चार तास मोकळे मिळत नसतील तर दोन तासांपर्यंत पगारी रजा देणे बंधनकारक आहे. न्यू जर्सीत असा कायदा नाही, म्हणून इथे सगळे मालकावर असते. मतदान सकाळी सहा ते रात्री आठ चालते, पण बारा तासांची शिफ्ट आणि दोन बसचा प्रवास असला की तेही पुरत नाही. दोन तास पगारी द्या, सगळ्यांना द्या, आणि टपाली मतदान कारण न सांगता मागता येते व आधीच्या आठवड्यात लवकर मतदान केंद्रे उघडी असतात हे फलकावर लिहा. उमेदवार, पक्ष, धोरण यांवर तोंड उघडू नका, जेवणाच्या सुट्टीतही नाही. राजकीय विषयावरच्या सभेला कामगारांना सक्तीने बसवायला न्यू जर्सीत कायद्याने बंदी आहेच. पण बंदी नसती तरी मी हेच सांगितले असते. ज्याच्या हातात पगार आहे त्याने सहज विचारलेला प्रश्नही सहज राहत नाही.

माणसे सोडून जातील का? काही जातील. नागरिक झाल्यावर संघीय सरकारच्या नोकऱ्या खुल्या होतात, आणि तरुण, इंग्रजी बरे असलेला माणूस त्या शोधतो. पण अर्ज करायला मदत केली म्हणून माणूस गेला असे मला फारसे दिसलेले नाही. जाणारा पगारासाठी किंवा सुपरवायझरच्या वागणुकीमुळे जातो. भागीदाराची खात्री पटवायला मी कोणताही आकडा देणार नाही. नफ्याचे आश्वासन देऊन हे काम सुरू केले तर पहिल्या राजीनाम्याला ते बंद पडेल.

वेळापत्रक कसे धरायचे? अर्जापासून शपथेपर्यंत काही महिने लागतात, कोणत्या कार्यालयात फाइल गेली त्यावर कमी-जास्त. येत्या नोव्हेंबरला तुम्ही मत देणार, असा शब्द कोणाला देऊ नका. आधी एखादी मान्यताप्राप्त संस्था गाठा. नॅशनल इमिग्रेशन फोरमचा न्यू अमेरिकन वर्कफोर्स हा उपक्रम मालकांबरोबर याच कामासाठी उभा राहिला, आणि न्यूयॉर्कला राहणाऱ्या कामगारांसाठी सिटी युनिव्हर्सिटीची सिटिझनशिप नाऊ ही मोफत सेवा आहे. जी कोणती संस्था निवडाल तिची न्याय खात्याची मान्यता पाहून घ्या. वकील नसताना ‘नोटारियो’ म्हणवून इमिग्रेशनची कामे घेणारा, हमखास काम करून देतो म्हणणारा कोणी कारखान्याच्या दारात येऊ देऊ नका. मग सुट्टीचा लेखी नियम, मग सूचना, मग शिबिर.

शिबिराच्या दिवशी संस्थेला एक गोष्ट आवर्जून सांगा: ज्यांची मुले सोळा-सतरा वर्षांची आहेत त्यांचे नंबर आधी लावा. २००० च्या बाल नागरिकत्व कायद्यानुसार आई किंवा वडील नागरिक झाले आणि ग्रीन कार्ड असलेले मूल त्यांच्या ताब्यात, त्यांच्याजवळ इथे राहत असेल, तर ते मूल आपोआप नागरिक होते. परीक्षा नाही, मुलाखत नाही, वेगळा एन-४०० नाही. पण मूल अठरा वर्षांचे होण्याआधी हे सगळे जुळून यावे लागते, आणि त्यात शपथेची तारीख धरतात, अर्जाची नाही. ज्यांच्या हातात वर्षभरच उरले आहे अशा आईबापांना बहुतेक वेळा हे माहीतच नसते, आणि वाढदिवस होऊन गेला की त्या मुलाला स्वतःचा अर्ज, स्वतःची फी आणि स्वतःची परीक्षा, सगळे पहिल्यापासून करावे लागते.